समुद्र तापला म्हणजे वादळ आलंच असं नाही

एप्रिल उजाडला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: समुद्राचं पाणी २७ अंशांवर गेलं की चक्रीवादळ येणारच, दूरच्या एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) वगैरेंचा आपल्याशी संबंध नाही, आणि दोन दिवसांआधी कुणालाच काही सांगता येत नाही.

पहिलं म्हणणं अर्धंच खरं आहे. साधारण २६.५ अंशांचं पाणी लागतं, पण तेवढ्याने भागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, हवेत बाष्पाची कमतरता नसते. तरी तिथे कमी दाबाची क्षेत्रंच होतात, चक्रीवादळ क्वचित. कारण खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा आणि १४-१५ किलोमीटरवर नेमका उलटा, पूर्वेकडून येणारा झोतवारा. वादळाला सरळ उभं राहावं लागतं. बूड एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे ओढला गेला की आतली उष्णता एका जागी साठत नाही, ते मोडतं. म्हणून आपल्याकडची वादळं पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर तो सरल्यावर येतात: निसर्ग ३ जून २०२०ला, तौक्ते मे २०२१मध्ये, फयान नोव्हेंबर २००९मध्ये.

दूरचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. एरवी बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक, असं प्रमाण. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच झाली: वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. १९०२च्या विक्रमाशी बरोबरी. क्यार आणि महा तर एकाच वेळी घोंघावत होती. पाणी तापलं होतंच, पण ते तिथे तापलं कशाने? विषुववृत्तालगतचे वारे पूर्वेकडून वाहू लागले, उबदार पाणी पश्चिमेला लोटलं गेलं, सुमात्राकडचं गार झालं आणि ढगांची जागाही पश्चिमेला सरकली. यालाच हिंदी महासागराचा धन द्विध्रुव म्हणतात. एल निनोचंही तसंच. तो असला की कॅरिबियनवरचे उंचीवरचे वारे जोर धरतात आणि अटलांटिकमधली वादळं रोडावतात, हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९८४मध्येच दाखवलं. उलट ला निनाच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं तेच पाणी गार पडण्याच्या वर्षी ऑक्टोबरनंतर बंगालच्या उपसागरात जोरदार वादळांना वाव वाढतो. ओडिशाचं १९९९चं महाचक्रीवादळ अशाच वर्षातलं.

तिसरं म्हणणं मला सर्वांत घातक वाटतं. ढगांचा एक प्रचंड पट्टा ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला पूर्वेकडे फेरा घालतो. मॅडन-ज्युलियन दोलन हे त्याचं नाव. तो हिंदी महासागरावर आला की वादळाची शक्यता वाढते. त्यामुळेच हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देऊ शकतो. वादळ नेमकं कुठे धडकेल हे त्यातून कळत नाही, ते शेवटच्या काही दिवसांतच स्पष्ट होतं. पण आठवडाभराचा बर्फ आणि डिझेल भरून खोल समुद्रात निघणाऱ्या तांडेलाला (मासेमारी नौकेच्या प्रमुखाला) नौका लोटायची की नाही, हे ठरवायला तेवढं पुरतं.