जारचं पाणी आणि बाजारीकरणाची ओरड

गणपतीच्या मांडवाला प्रायोजक मिळाला की उत्सवाचं बाजारीकरण, क्लासची फी वाढली की शिक्षणाचं. पैसे मागितले की झालं! या हिशेबाने मंडईत मेथीची जुडी विकणाऱ्या मावशीही गुन्हेगार ठरतील. अहो, मेथी विकायलाच पिकवलेली असते. जे मुळात विकायला बनलेलंच नाही, ते माल म्हणून बाजारात उभं राहतं तेव्हा खरी ओरड करावी. कार्ल पोलान्यी या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने १९४४ मध्ये जमीन, श्रम आणि पैसा यांना काल्पनिक माल म्हटलं, ते याच अर्थाने.

मला त्या यादीत पाणी घालावंसं वाटतं. वीस लिटरचा जार बघा. लग्नात, बँकेत, सलूनमध्ये, तेराव्याच्या जेवणातही. पुष्कळदा सील नाही, नुसतं झाकण दाबलेलं, पण पाणी गारेगार. गार म्हणजे शुद्ध, हे कधी ठरलं कोण जाणे!

पाण्याला पैसे पडतात याबद्दल तक्रार नाही. पंपाला, शुद्धीकरणाला खर्च येतो, पाणीपट्टी भरायलाच हवी. बिस्लेरी मुंबईत १९६५ मध्ये आली, तेव्हा ती चैन होती. तिच्यामुळे नळाचं काही बिघडलं नाही. बिघडतं ते सरपंच, गुरुजी, ग्रामसेवक सगळ्यांच्या घरी जार लागतो तेव्हा. टाकी शेवटची कधी धुतली, हे ग्रामसभेत विचारणारंच कोणी उरत नाही. मग नळाचं पाणी ‘वापरायचं’ आणि जारचं ‘प्यायचं’. ज्याला जार परवडत नाही, तो वापरायचं पाणी पितो.

‘पूर्वी पाणपोया होत्या हो’ हे गहिवरणं मात्र मला झेपत नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी फुकटच होतं. तरी ते ओंजळभर पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जारवाला निदान जात विचारत नाही.

पण म्हणून पंचायतीला मोकळं सोडायचं का? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. म्हणजे मनात आणलं की सरकारला जमतं.

येत्या ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा. जारवाल्याकडेही मागा. कोण आधी दाखवतंय ते कमेंटमध्ये लिहा.