कॅकाटुऑइडिसची अंडी गायब, मादी मेली: तुमच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडच्या अपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडिस या छोट्या माशांच्या जोडीने तीनदा अंडी दिली, तिन्ही वेळा ती दोन दिवसांत गायब झाली आणि शेवटी मादी मेली, म्हणून आम्ही आजारी जोडी गळ्यात मारली असं तुम्ही लिहिलंय. मादी गेली याचं वाईट वाटलं. पण आजारी मादी लागोपाठ तीनदा अंडी घालत नाही. अडचण टाकीची आहे आणि तुम्ही टाकलेल्या फोटोंत ती दिसते.

सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. वाघोलीचं बोअर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६००, हे तुम्हीच लिहिलंय. एवढ्या जड पाण्यात हे मासे जगतात, अंडीही घालतात, पण ती नीट फळत नाहीत. पांढरी पडतात, बुरशी धरते आणि मादी खाऊन टाकते. बदामाची पानं टाकूनही पीएच उतरला नाही म्हणता, तो उतरणारच नाही. बोअरच्या पाण्यातलं कार्बोनेट पानांचं आम्ल तिथल्या तिथे मारतं. सोसायटीच्या सॉफ्टनरवरही विसंबू नका. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. चार बादल्या आरओला एक बादली बोअर मिसळलं की टीडीएस दीडशेच्या आसपास येतो. मग पानं टाका. पीएच साडेसहाच्या जवळ आला तरी पुष्कळ झालं. हा बदल रोज दहा टक्के पाणी बदलत करा, एका दिवसात उरकू नका. उडालेल्या पाण्याची भर मात्र नुसत्या आरओने घाला, नाहीतर टीडीएस पुन्हा चढतो.

काचेला चिकटलेला सकर मासा आधी काढा. तो रात्री अंडी साफ करतो आणि अंधारात मादीचं त्याच्यापुढे काही चालत नाही.

मादीचं शेपूट फाटलेलं फोटोत दिसतंय. दीड फुटी टाकी, एकच करवंटी, बाकी उघडी वाळू. मादी तयार नसताना नर मागे लागला तर तिने लपायचं कुठे? एका जोडीला तळ किमान दोन फूट बाय एक फूट हवा. उंच टाकीचा फायदा नाही, हे मासे तळाशीच राहतात. तीन करवंट्या उपड्या ठेवा, भोक अंगठा जाईल एवढंच, म्हणजे मादी शिरेल आणि मोठा नर अडेल. मध्ये ड्रिफ्टवूड (टाकीत ठेवायचं लाकूड) असं लावा की एका टोकाहून दुसरं दिसू नये.

टाकीच्या काठाला टांगलेला हँग-ऑन फिल्टर पिल्लं ओढून घेतो, त्याजागी स्पंज फिल्टर लावा. मादी पिवळीधमक होऊन भोकाशी पहारा द्यायला लागली की आत अंडी आहेत असं समजा आणि टॉर्च मारून बघू नका. २६-२७ अंशांना अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, पुढे पाचेक दिवसांनी पिल्लं पोहतात. त्यांच्या खाण्यासाठी आदल्या दिवशी आर्टेमिया (बारीक कोळंबीसारख्या जीवांची अंडी) उबवायला लावून ठेवा: लिटरला २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, हवा जोरात, २८ अंशांना २४ तास.

या टाकीसाठी दुसरी मादी मी आत्ता देणार नाही, तीही मरेल. टाकी बदलली की बाटलीभर पाणी घेऊन या, टीडीएस, पीएच, जीएच (पाण्याचा जडपणा) मोफत तपासून देतो. आकडे जमले तर मादीचे पैसे घेणार नाही. फक्त नर आधी बाहेर काढा, मादीला टाकीत दोन दिवस एकटी रुळू द्या, मग त्याला सोडा.