शेवटाकडून मोजा: ‘स्तुदेऽरं’वरच्या आक्षेपांना उत्तर

ताई, इतकं बारकाईने वाचून लिहिलंत, मनापासून आभार. नॉर्वेजियनमधल्या लांबलचक उसन्या क्रियापदांच्या उच्चारावर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, नॉर्वेजियनमध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, ओस्लोतले तुमचे सहकारीही तसंच बोलतात, मग मी ‘स्तुदेऽरं’ (अभ्यास करणे) म्हणताना ‘देऽ’वर जोर द्यायला का सांगतो (ऽ म्हणजे स्वर लांबवायचा)? दोन, याच क्रियापदाची फोड धातू आणि प्रत्यय वेगळे ठेवून ‘स्तुद्-एर्-अ’ अशी हवी, ‘स्तु-दे-रं’ नको. तीन, ‘स्टुडंट’ लिहिणाऱ्या मराठी माणसाला ‘स्तुदेरं’ गावंढळ दिसतं. तिन्ही बाबतींत मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. का, ते सांगतो.

पहिल्या अक्षरावर आघात हा नियम घरच्या शब्दांचा. ‘कास्तं’ म्हणजे फेकणे, ‘स्नाक्कं’ म्हणजे बोलणे, तिथे तो बिनचूक लागतो. ‘-एरं’ हा प्रत्यय मात्र पाहुणा आहे. जुन्या फ्रेंचमधून तो जर्मन बोलींत गेला आणि उत्तर जर्मनीच्या लो जर्मनमधून स्कँडिनेव्हियात आला. हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाच्या व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकात पश्चिम नॉर्वेतल्या बर्गन बंदरात ठाण मांडलं, तेव्हापासून लो जर्मन शब्द नॉर्वेत रुजत गेले. पुढे डॅनिशमधूनही येत राहिले. फ्रेंचमध्ये जोर शब्दाच्या शेवटाकडे असतो आणि प्रत्यय तो जोर सोबत घेऊनच आला. म्हणून ‘स्तुदेऽरं’त तीन अक्षरं, ‘दिस्कुतेऽरं’त (चर्चा करणे) चार, ‘ओर्गानिसेऽरं’त (आयोजन करणे) पाच आणि ‘इन्दुस्त्रिआलिसेऽरं’त (औद्योगिकीकरण करणे) सात असली, तरी आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावरच पडतो. सुरुवातीपासून मोजत गेलात तर प्रत्येक शब्द नवा वाटेल. शेवटाकडून मोजलंत तर सगळे एकच.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा एका जोडीत आहे. ‘अधिक छान’ याला नॉर्वेजियनमध्ये ‘फीऽनरं’ म्हणतात. घरच्या वळणाचं तुलनेचं रूप, त्यामुळे जोर ‘फी’वर आणि मधला स्वर अगदी पुसट. आता त्याच अक्षरांच्या आधी ‘दे’ जोडा: ‘देफिनेऽरं’, म्हणजे व्याख्या करणे. कागदावर रोमन लिपीतली शेवटची सहा अक्षरं (finere) हुबेहूब तीच, पण ‘फि’ आखडला आणि ‘ने’ ताणला गेला. म्हणजे नुसतं शेपूट पाहून भागत नाही, ते क्रियापदाचं परकं ‘-एरं’ आहे का हे ओळखावं लागतं.

तुमच्या कानांवर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. ओस्लोच्या पूर्व भागात आणि पूर्व नॉर्वेतल्या बऱ्याच बोलींत उसने शब्दही घरच्या नियमाखाली आणायची जुनी सवय आहे. केळं, स्टेशन, वर्तमानपत्र यांचे नॉर्वेजियन शब्द तिथे पहिल्या अक्षरावर जोर देऊन बोलले जातात, आणि ‘-एरं’ची क्रियापदंही. ओस्लोच्या श्रीमंत पश्चिम भागात जुनी जागा टिकली, त्यामुळे आघात कुठे पडतो यावरून माणूस शहराच्या कुठल्या बाजूचा हे लोक ओळखायचे आणि पूर्वेकडच्या उच्चाराला नाकं मुरडायचे. मला हे नाकं मुरडणं अजिबात मान्य नाही. नॉर्वेत बोलण्याचं सरकारी प्रमाण असं काही नाही, तेव्हा तुमचे सहकारी चुकत नाहीत. शिकणाऱ्याला मी शेवटून दुसरं अक्षर सांगतो, कारण नॉर्वेजियन अकादमीच्या शब्दकोशात तोच उच्चार दिलेला असतो आणि तो देशात कुठेही चालतो.

आता फोड. ‘स्तुद्-एर्-अ’ ही व्याकरणाची फोड आहे. ‘स्तुदेन्त’ (विद्यार्थी) आणि ‘स्तुदेरं’ एकाच घरचे, हे तिच्यातून दिसतं. तोंड मात्र व्यंजनाला पुढच्या स्वराशी जोडतं. छापताना ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर आणखी तिसराच नियम लागतो: एकच व्यंजन पुढच्या ओळीत न्यायचं. त्या नियमाने ‘लक्ष केंद्रित करणे’ हे क्रियापद ‘कोन्सेन्त-रेरं’ असं तुटतं, बोलताना मात्र ते ‘कोन्-सेन्-त्रेऽ-रं’ असंच येतं. माझं लिखाण उच्चारापुरतं होतं, म्हणून मी तोंडाची फोड दिली.

खरी अडचण आघाताच्या आधीच्या अक्षरांची आहे आणि आपली माणसं तिथेच अडखळतात. ती सगळी आखूड हवीत. ‘कोमुनिसेऽरं’ (संवाद साधणे) लिहिताना म दोनदा येतो, म्हणून आपण ‘कोम्-मु’ म्हणतो. आघात नसलेल्या अक्षरात ते जोडव्यंजन उच्चारायचंच नसतं. इंग्रजीच्या सवयीने ‘ओर्गानिसेऽरं’तल्या सचा इंग्रजी z सारखा ज होतो. नॉर्वेजियनमध्ये तो घोष आवाजच नाही, स स्वच्छ ठेवा. ‘फोटो काढणे’ लिहिताना ओ असला तरी बोलताना ‘फुतुग्राफेऽरं’ असा उ येतो. आणि ‘स्तु’मधला उ आपला नव्हे: ओठ उ म्हणताना असतात तसे ठेवून जीभ ईच्या दिशेने पुढे सरकवायची. शेवटचा ‘रं’ मात्र आपल्याला आयता मिळालाय. ‘केलं’, ‘बरं’ यांच्या शेवटी जो अ आपण बोलतो तोच, थोडा आखूड. नुसतं ‘स्तुदेर’ लिहिलं असतं, तर मराठी वाचकाने ‘घर’सारखा तो अ गिळलाच असता.

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर क्रियापदाच्या भूतकाळी रूपात आहे. पूर्व नॉर्वेत र आणि त शेजारी आले की दोन्ही मिळून एक मूर्धन्य आवाज होतो, जवळजवळ आपला ट. ‘स्तुदेरं’चा भूतकाळ लिहिताना ‘स्तुदेर्तं’, बोलताना ‘स्तुदेऽटं’. ‘गाडी उभी केली’ हे ‘पार्केऽटं’. आपल्या जिभेला हा ट जन्मापासून येतो. पण मूळ शब्दातच ‘स्टुडेरं’ लिहिलं, तर साधा दंत्य त आणि हा ट यांतला फरक दाखवायला अक्षर कुठून आणायचं? त आणि ट दोन्ही हाताशी असताना इंग्रजीच्या सवयीपायी एक वाया घालवणं मला पटत नाही.

तुमची बदली बर्गनला होणार असेल, तर हा ट तिथे ऐकू येणार नाही. तिथला र घशातून येतो, त्यामुळे र आणि त वेगवेगळे राहतात: ‘स्तुदेऽर्तं’. ‘देऽ’ मात्र तिथेही लांब आणि जोरकस.