खुला डेटा म्हणे!

सरकारी खात्यांनी प्रदूषणाचे आकडे सगळ्यांना वापरायला 'खुले' केले म्हणायचं आणि हातावर ठेवायची स्कॅन केलेली पीडीएफ, तीही तिरकी! ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, तक्ता काढायला जावं तर ३ चा ८ होतो, दशांशचिन्ह गळतं आणि ४.५ चे सरळ ४५ होतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या खुल्या डेटाच्या पाच ताऱ्यांच्या मोजपट्टीत सीएसव्हीला (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी फाइल) ३ तारे, पीडीएफला जेमतेम १, आणि तोही वापराचा परवाना खुला असेल तरच. इथे परवान्याचाच पत्ता नसतो.

बरं, चुकून एक्सेल दिलीच, तर खाने (सेल) जोडून केलेला तीन मजली मथळा आणि मध्येच 'एकूण'ची ओळ. बेरीज मारली की सगळं दुप्पट!

सगळ्यात डोक्यात जातं ते शून्य. मोजणी झालीच नाही तिथेही ० ठोकून देतात. अरे, ० म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. मोजलंच नसेल तर खाना रिकामा सोडा ना! त्या खोट्या शून्यांनी सरासरी घसरते आणि प्रदूषण कागदावर 'घटतं'. एककही लिहीत नाहीत. मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? हजारपटीचा फरक आहे, बाबांनो.

आणि वर धोरणाच्या मसुद्यावर 'नागरिकांनी सूचना पाठवाव्यात'. कशाच्या जोरावर पाठवायच्या, त्या तिरक्या पीडीएफच्या?