गेट वाजलं म्हणजे चोरच?

दुकानाच्या दारातल्या, चोरी पकडणाऱ्या गेटवरच्या लेखातलं ‘गेट वाजलं की चोर सापडलाच’ हे वाक्य काही पटलं नाही. कपड्यांच्या दुकानात सहा वर्षं काउंटरवर काढलीत. बहुतेक वेळा गेट वाजायचं ते आमच्याच चुकीने. एकदा दिवाळीच्या गर्दीत एक आजी नातीचा फ्रॉक घेऊन निघाल्या आणि गेट बोंबललं. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. पिशवी उपसली तर फ्रॉकच्या आतल्या शिवणीत गेट वाजवणारा टॅग तसाच! चुंबकावर धरून काढायचा मीच विसरलो होतो. बिल दाखवताना आजींचे हात थरथरत होते, ते अजून आठवतं.

टॅगऐवजी वस्तूवर चिकटवतात त्या स्टिकरबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. ते काढत नाहीत, काउंटरवरच्या पॅडवर धरून बंद करतात. 8.2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चौकोनी स्टिकरमधलं सर्किट तिथे निकामी होतं, तर 58 किलोहर्ट्झच्या जाड पट्टीतल्या धातूचं चुंबकत्व जातं. घाईत वस्तू पॅडवरून भरकन फिरवली की कधीकधी स्टिकर चालूच राहतो. मग आमच्याकडे घेतलेली वस्तू शेजारच्या दुकानाच्या दारात वाजते. तिथल्या वॉचमनला गिऱ्हाइकाने काय सांगायचं?