पूल ओलांडणारी तांदळाची रेषा

शेवंती ही देवाला वाहायची, केसांत माळायची, किंवा दसऱ्याच्या आदल्या रात्री मार्केट यार्डात भाव पडला की तिच्याकडे बघत कपाळाला हात लावून बसायची गोष्ट, अशी माझी पंधरा वर्षांची समजूत. ती कालवणातही घालतात हे मला चीनमध्ये कुनमिंगला कळलं. कळलं तेव्हा चव घ्यायला जीभ जागेवर नव्हती.

आम्ही तळेगावकडचे पॉलिहाऊसवाले. जरबेरा, गुलाब आणि बँकेचं कर्ज ही आमची मुख्य पिकं. तर आमचा बारा जणांचा जथा युन्नान प्रांतात तौनानचा फूलबाजार बघायला गेला होता. आशियातला सगळ्यात मोठा फूलबाजार म्हणतात त्याला. तिथल्या लिलावात भिंतीवर घड्याळासारखी तबकडी असते. भाव वरून सुरू होतो आणि खाली घसरत येतो, जो पहिलं बटण दाबेल त्याचा माल. आपल्या अडत्याच्या बरोबर उलटं! घाई केली की महागात पडतं, हे मी दुपारीच वहीत दोन रेघा मारून लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी दुभाषी मुलगी घरी गेली आणि मी व साडूभाऊ जेवायला बाहेर पडलो. कुनमिंग साधारण १,९०० मीटर उंचीवर, हवा बारमाही वसंतातली. त्यामुळे भूक फार लागते, असं साडूभाऊंचं मत. (साडूभाऊंना भूक महाडलाही लागते, ती गोष्ट वेगळी.) एक गल्लीतलं साधं हॉटेल निवडलं. प्लास्टिकची स्टुलं, ओली फरशी, गर्दी भरपूर. गर्दी असली की अन्न चांगलं, हा मिसळीचा नियम आम्ही तिथंही लावला.

शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं होती. ती दर दोन मिनिटांनी वाढणाऱ्या बाईंना "आयी! आयी!" अशी हाक मारत होती. साडूभाऊंना भरून आलं. "बघा साडूभाऊ, हॉटेलातल्या बाईला आई म्हणतात. नाहीतर आपली पोरं!" आयी म्हणजे चिनी भाषेत मावशी, हे दुसऱ्या दिवशी दुभाषी मुलीने सांगितलं. म्हणजे खाणावळीतली आपली मावशीच ती. साडूभाऊंनी भरून आलेलं परत घेतलं नाही.

मेन्यू टेबलावरच्या चौकोनी ठिपक्यांत होता, पण आमच्या फोनला ते ठिपके पचेनात. शेवटी भिंतीवरच्या पाटीवर भाषांतराचं ॲप धरलं. त्यावर उमटलं, 'पूल ओलांडणारी तांदळाची रेषा'. खाली तीन किमती आणि तीन पदव्या. सगळ्यात स्वस्त थाळी खालच्या परीक्षेतल्या पदवीधराची, महाग थाळी देशात पहिल्या आलेल्याची, ज्याला तिकडे च्वांगयुआन म्हणत. राजाच्या नोकरीसाठीच्या त्या परीक्षा १९०५ साली बंद झाल्या, पदव्या तेवढ्या हॉटेलवाल्यांनी सांभाळल्या. साडूभाऊ राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत तीनदा आपटलेले. त्यांनी न बोलता सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

या परीक्षांचं आणि कालवणाचं नातं काय, ते बसमध्ये ऐकलं होतं. मंगझ नावाच्या गावी एक विद्यार्थी तळ्यातल्या बेटावर अभ्यासाला बसायचा. बायको पूल ओलांडून डबा न्यायची, तोवर अन्न गार व्हायचं. एकदा तिने कोंबडीचं सूप नेलं, तर वरच्या चरबीच्या थरामुळे ते गरमच राहिलं. मग तिने सूप वेगळं आणि तांदळाच्या शेवया वेगळ्या न्यायला सुरुवात केली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या पोरांना ही गोष्ट सांगू नये. मेसच्या डब्यावरून आधीच त्यांचं मन नाजूक असतं.

गोष्ट ऐकली होती, हसलोही होतो. तरी पुढे जे झालं ते झालंच.

आयीने आधी परातीएवढे दोन वाडगे आणून ठेवले. मग बशा. बशांवर बशा. कागदासारखे पातळ कच्च्या कोंबडीचे काप, माशाचे काप, डुकराचे काप (ती बशी आम्ही हळूच पलीकडे सरकवली, तिने हळूच परत आणली), लावरीचं कच्चं अंडं, सोयाची साय, कांद्याची पात, आणि एका बशीत पिवळ्या शेवंतीच्या पाकळ्या. मी सवयीने पाकळी चिमटीत धरून बघितली. माल ताजा होता. पांढऱ्या शेवयांचा वाडगा आला तेव्हा तर मी ओरडलोच, "शिरवाळे!" माझी सासुरवाडी मालवणची. तांदळाचे शिरवाळे आणि नारळाचा गोड रस मी दर मे महिन्यात जावई म्हणून खातो. साडूभाऊही तिथलेच जावई, त्यांनाही ओळख पटली.

पण वाडग्यातून वाफ येत नव्हती. एक रेघसुद्धा नाही. वर सोनेरी तेलाचा थर, कसा निवांत, पवनेच्या धरणासारखा.

"गार आणलंय," साडूभाऊ म्हणाले. "परदेशी बघून सकाळचं दिलं."

खात्री करायला म्हणून मी चिनीमातीचा पसरट चमचा बुडवला आणि पूर्ण भरून तोंडात रिकामा केला.

त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण तेव्हाही सांगू शकलो नव्हतो. साडूभाऊ विचारत होते, "गारच ना?" आणि मी हातवारे करत होतो. त्या हातवाऱ्यांचा अर्थ त्यांनी 'उत्तम आहे, घ्या' असा लावला.

लाज याची नाही की भाजलं. लाज याची, की पाहुण्यांना मिसळ खायला नेलं की मीच सांगतो, 'जपून, तर्रीखाली रस्सा पेटलेला असतो.' वरचा थर वाफ बाहेर सोडत नाही, म्हणून उष्णता आत कोंडून राहते. हे शास्त्र तळेगावात पाठ, कुनमिंगला साफ विसरलो. भाव खाली यायच्या आत बटण दाबलं, दुसरं काय!

आता सूप निववायचं म्हणून आम्ही शिरवाळे एकदम त्यात ओतले. ते निवलं, पण मग टाकलेले कोंबडीचे काप गुलाबीचे गुलाबीच राहिले. अंडं फुटून कच्चंच तरंगू लागलं. आयी लांबून बघत होती. ती आली, वाडग्यांत डोकावली आणि काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, सूर कळला. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला लावतात तो.

तिने दोन्ही वाडगे उचलले, नवं सूप आणलं आणि ओळीने स्वतःच घालायला लागली. आधी मांस, ते डोळ्यांदेखत पांढरं झालं. मग अंडं, साय, भाजी. सगळ्यात शेवटी शेवया. वरून पाकळ्या. मग हाताच्या इशाऱ्याने 'थांबा' म्हणाली आणि खरोखरच कमरेवर हात ठेवून पहारा देत उभी राहिली.

पुढचा तास काड्यांचा. तांदळाची रेषा ही काडीवर राहणारी वस्तू नाही. ती उचलली की पूल अर्धा ओलांडते आणि शर्टावर उतरते. शेजारच्या पोरांनी वाडगे तोंडाशी नेऊन सूं-सूं आवाज करत दहा मिनिटांत संपवले. लहानपणी त्या आवाजासाठी मी वडिलांच्या हातचा मार खाल्लाय. चाळिशीत तो पुन्हा शिकलो. तिखट मागितलं तर तेलातली मिरची आली, त्यात आमच्या सासुरवाडीच्या तिरफळांच्या चुलत भावंडाची पूड. अर्धी जीभ भाजलेली होती, उरलेली तिने बधिर केली.

खोलीवर आल्यावर बायकोचा फोन आला. तिथे अजून संध्याकाळच होती.

"काय जेवलात?"

"शिरवाळे," मी बोबड्या जिभेने म्हणालो.

"खरंच? तिकडे मिळतात?" आवाजात माहेर दाटून आलं. "रस कसा होता?"

"कोंबडीचा."

पलीकडे शांतता. मग अगदी हळू, "देवा म्हाराजा!"

"आणि वर शेवंती," साडूभाऊ मागून उत्साहाने ओरडले.

फोन कट झाला. नेटवर्कचे सगळे दांडे पूर्ण होते.