मागे एक सीट टाकायचीय? टाका की, त्यात काय!

अभिनंदन! सेकंडहँड डिलिव्हरी व्हॅन घेतली, आत बेड झाला, ओटा झाला, बेसिन झालं, लायटिंगच्या माळा पण लागल्या, आणि कोकणात निघायच्या आदल्या आठवड्यात लक्षात आलं की पुढे तिघंच बसतात आणि मेव्हण्याला पण यायचंय. टेन्शन नको. सीट म्हणजे शेवटी काय, फोम आणि रेक्झिन. चार बोल्ट मारले की झालं, असं ज्यांनी आयुष्यात बोल्ट मारला नाही ते सगळे सांगतील, त्यांचंच ऐका.

सीट आणायला कुर्ल्याला सीएसटी रोडला जा नाहीतर पुण्यात जुन्या बाजारात. बोटाने दाबून बघायची, मऊ लागली की हीच. रेल वाकलीय का, लॉक बसतंय का, कुठल्या ठोकलेल्या गाडीतून निघालीय असलं विचारून दुकानदाराचा मूड घालवू नका. बेल्ट फुकट देत असेल तर घ्याच, कापलेला असला तरी. नुसता खांद्यावरून टाकला की लांबून लावल्यासारखाच दिसतो, दंडाचे हजार वाचले.

आता मेन काम. खाली पातळ पत्रा, त्यावर तुम्ही हौसेने टाकलेला 12 एमएमचा प्लाय, त्यावर लाकडी डिझाइनचं व्हिनाइल. झकास! सीट त्या प्लायलाच स्क्रू करा. काही खवचट लोक सांगतील की भोक पत्र्यातून आरपार पाडा, खालून जाड लोखंडी प्लेट द्या, जमलं तर चॅसीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) आडव्या मेंबरला धरा, बोल्ट मजबुतीच्या 8.8 नाहीतर 10.9 ग्रेडचाच घ्या, तो आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो, आणि बेल्टचा बोल्ट तर 7/16 इंची बारीक आट्यांचाच हवा. एवढं कोण बघतंय राव. हार्डवेअरवाल्याकडे किलोवर मिळतात ते आणा आणि दोन-दोन वायसर घाला, त्याने मनाला बरं वाटतं. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघायचीही गरज नाही, डिझेलची टाकी आणि ब्रेकचा पाइप कुठेय ते आपोआप कळतं.

हिशोबवाल्यांपासून तर लांबच राहा. ते म्हणणार, 50 च्या स्पीडला गाडी आदळली आणि माणूस 0.1 सेकंदात थांबला तर साठ किलोचा माणूस साधारण साडेआठशे किलोच्या जोराने पुढे ओढला जातो (मेव्हणा साठ किलोचा नाही, ते सोडा). म्हणूनच म्हणे कारच्या बेल्टचे अँकर (बेल्ट गाडीला जिथे पक्का केलेला असतो त्या जागा) तपासताना खांद्याच्या पट्ट्याला 1350 किलोचा ओढा देतात, कमरेच्या पट्ट्याला तेवढाच, आणि बेल्ट सीटलाच जोडलेला असेल तर सीटच्या वजनाच्या 20 पट वेगळा. आपली टेस्ट सुटसुटीत आहे, सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवायची आणि म्हणायचं, 'हलत नाय बघ!' पुण्यात गाड्या तपासणाऱ्या संस्थेचे, एआरएआयवाले, उगाच टेकडीवर मशिनी लावून बसलेत.

तोंड मात्र पुढे नको, सीट भिंतीला पाठ करून आडवी टाका, म्हणजे खिडकीतून घाट बघता येतो. बेल्ट पुढच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो आणि आडवं बसलेल्याच्या तो मानेत रुततो, पण व्ह्यू बघा ना!

राहिली कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करू नका, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून बेकायदा बदल केला तर एका बदलाला 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. इन्शुरन्सचं तर त्याहून गोड आहे. परवानगीपेक्षा जास्त प्रवासी भरलेल्या एका बसच्या केसमध्ये 2007 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विमा कंपनी जेवढ्या माणसांचा विमा आहे तेवढ्यांचेच पैसे भरेल आणि तेच सगळ्यांत वाटायचे. म्हणजे बघा, जास्तीच्या माणसालाही त्यातलाच वाटा. घरच्या घरात अ‍ॅडजस्ट करायची आपल्याला सवय आहेच.

रस्त्यात कुणी अडवलंच तर ठाम सांगायचं, साहेब ही सीट नाही, फर्निचर आहे. आणि मेव्हण्याला आधीच शिकवून ठेवा, साहेब आत डोकावले की पटकन उठायचं, फडकं घ्यायचं आणि ओटा पुसायला लागायचं.